साहेबाची पत्रिका मागणारे आमचे मेहुणे

ठाण्यापासून कल्याणपर्यंत नोकरी शोधणारे पुष्कळ असतील, मिळालेली टिकवणारे त्याहून थोडे. पण नोकरीची सोयरीक जुळते की नाही हे पाहून मगच तिचा हात धरणारा गृहस्थ या मुलखात एकच झाला, आणि तो आमच्या नात्यात निघाला. माझ्या आतेबहिणीचे, ताईचे, हे यजमान. गोरेपान, उंच, बोलताना समोरच्या माणसाच्या डोक्यावरून दूर कुठे तरी पाहणारे. त्यांच्या कोटाच्या खिशात पंचांग असे आणि चेहऱ्यावर, आत्ताच कोणी झोपेतून हलवून उठवल्यासारखे प्रसन्न हसू.

त्यांचे म्हणणे ऐकले तर बिनतोड वाटे. "अहो मेहुणे, बायको दिवसातून दोनदा पानावर भेटते. साहेब सकाळी दहापासून दिवे लागेपर्यंत उरावर असतो. मग छत्तीस गुण कोणाशी जुळवून पाहावेत?" मला उत्तरे घरी पोहोचल्यावर सुचतात.

तेव्हा कोठेही लागले की ते पहिल्या आठवड्यात धन्याची जन्मवेळ मिळवीत आणि दुसऱ्या आठवड्यात नोकरी सोडीत. शाळेत मास्तर झाले, तर हेडमास्तरांचा मंगळ आठवा निघाला. गृहस्थ सत्तावीसचा पाढा अर्ध्यावर ठेवून उठले, खडूसकट घरी आले. कल्याण स्टेशनच्या मालधक्क्यावर गोरा साहेब होता. त्याची जन्मवेळ कोण सांगणार? यांनी त्याच्या बुटलेराला, म्हणजे खानसाम्याला, गाठले. बुटलेर विचार करून म्हणाला, "चहाच्या वक्ताला जन्मले असतील. रोज त्याच वक्ताला भडकतात." तेवढ्यावर यांनी कुंडली मांडली, दीर्घ श्वास घेतला आणि पागोटे चढवले.

इकडे माझी आत्या कल्याणात दात खात होती. शेवटी तिने लेकीला माहेरी आणून ठेवले आणि जावयाला निरोप धाडला, "एका जागी सलग एक वर्ष टिकून दाखवा, मग बायको न्या." जावई मुकाट्याने हो म्हणाले. ताई मात्र ओसरीवर बसून तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आमची पत्रिका तेहतीस गुणांनी जुळली होती रे. म्हणून तर मी इथे आणि ते तिथे." ती हसली, पण सुपातले खडे टाकायच्या ऐवजी तांदूळच टाकीत होती, हे मी पाहिले.

म्हणून मीच पुढे झालो. ठाण्याच्या कचेरीत मी तेव्हा बारा वर्षे खर्डेघाशी करीत होतो. आमच्या शिरस्तेदार रावसाहेबांपुढे हात जोडून मेहुण्यांना चिकटवून दिले, आणि वाटेत बजावले, "भाऊजी, इथे पंचांग काढायचं नाही." त्यांनी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या खोलीत बोरू तासत असताना त्यांचा गोड आवाज ऐकू आला, "रावसाहेब, आपली जन्मवेळ मिळाली असती तर…"

आता रावसाहेब होते पन्नाशीचे आणि दीड वर्षापूर्वी विधुर झालेले. त्यांनी मिशीवरून हात फिरवला, दार लोटून घेतले आणि घटका-पळांसकट वेळ सांगितली. मग हळूच विचारले, "मुलगी कोणाची?"

"मुलगी नाही, रावसाहेब. मीच."

पुढचे चार महिने रावसाहेब माझ्याशी फक्त कागदावर बोलले.

मेहुणे त्यानंतर नाहीसे झाले. कळले ते असे, की खाडीकाठच्या एका मिठागरावर, होड्या भरल्या की परवान्याचे कागद लिहायला ते राहिले आहेत. मालक म्हणजे एक म्हातारा आगरी, उघड्या अंगाचा, मिठाने पांढऱ्या पडलेल्या पायांचा. यांनी रिवाजाप्रमाणे जन्मवेळ विचारलीच. म्हातारा म्हणाला, "आमच्यात लिवतंय कोन, भटजी? आय सांगं, उधानाची भरती आल्ती, बांध फुटला, त्या दिशी तू आलास."

मेहुण्यांना ते पुरेसे वाटले. भरती सापडली की तिथी सापडते, तिथी सापडली की पत्रिका. रोज संध्याकाळी ते म्हाताऱ्यासोबत बांधावर बसून कोणत्या साली कोणता बांध फुटला ते आठवू लागले. पाणी वाफ्यांत येई, उन्हात निजे, आणि जाताना पांढरे काही तरी मागे ठेवून जाई. पावसाळ्यात दोघांनी मिळून मिठाच्या राशींवर गवत शाकारले. या शोधात वर्ष सरले ते आत्येने कल्याणात मोजले; मेहुण्यांच्या ध्यानीही नव्हते. एके दुपारी होडीतून ताई बोचके घेऊन उतरली, तेव्हा त्यांनी विचारले म्हणे, "अगं, आज कसं येणं केलंस?"

पुढे मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ऊन कलले होते. वाफ्यांत आभाळ उतरून पडले होते आणि राशी खालच्या ढगांसारख्या दिसत होत्या. म्हातारा पलीकडून ओरडला, "ओ भटजी, पाव्हन्याला मासली चालंल का?" आणि स्वतःच खो खो हसला. मी मेहुण्यांना विचारले, "काय, सापडली का ती भरती?"

"सापडली ना. मागच्याच चैत्रात."

"मग? गुण किती?"

त्यांनी पहिल्यांदाच माझ्या डोक्यावरून न पाहता माझ्याकडे पाहिले. "मांडली नाही हो. कमी निघाले तर काय करू?"

आत ताई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

निघताना मला राहवले नाही. "भाऊजी, रावसाहेबांची वेळ तुमच्याकडे होती. माझी पत्रिकाही माझ्या लग्नाच्या वेळी तुम्ही पाहिलेली. कधी सहज दोन्ही जुळवून…"

"पाहिली होती. नऊ."

"छत्तीसांत नऊ? आणि बोलला नाहीत?"

"तुम्ही बोरू इतका मन लावून तासत होता," ते हळूच म्हणाले, "उठवावंसं वाटलं नाही."

ताईने पदराआडून मिठाची पुरचुंडी हातात दिली. दुसऱ्या दिवशी कचेरीत रावसाहेबांनी हाक मारली. मी नेहमीप्रमाणे उठलो. उठण्यापूर्वी खिडकीतून खाडीकडे जरासे पाहिले, एवढेच. पाणी चढत होते.