एक नंबर दर्यापूरचा

अमरावती शहरात बेसबॉलचे दोन चाहते आहेत. एक मी आणि दुसरे इकबालभाई. इकबालभाई अकोल्याला राहतात.

मी पाटबंधारे खात्यात कारकून. इकबालभाईंचं अकोल्याला पॅन्ट-शर्ट शिवायचं दुकान आहे. आमची ओळख कॉलेजच्या मैदानावर झाली. सामना पाहायला आम्ही दोघंच होतो, त्यामुळे ओळख करून घेण्यावाचून इलाज नव्हता. वऱ्हाडात बेसबॉल खेळणारी पोरं बरीच आहेत, आणि चांगली आहेत. पाहणारं कोणी नाही. म्हणून दरवर्षी राज्याच्या संघाची निवड जवळ आली की आम्ही दोघं आपापल्या पहिल्या दहा होतकरू पोरांना नंबर देतो आणि मग महिनाभर एकमेकांची अक्कल काढतो. ज्यांची निवड आमच्या हातात नाही, ज्यांना आमची नावंही माहीत नाहीत, अशा पोरांवरून आम्ही दोन वेळा बोलणं बंद केलेलं आहे.

या वर्षीही तेच चाललं होतं. इकबालभाईंचं म्हणणं, "तुमचा दर्यापूरवाला दो इनिंगमें ढेर होते, मियाँ. अचलपूरवाल्याले वर घ्या." मी म्हणालो, रविवारी स्वतः दर्यापूरला जाऊन पाहतो आणि शेवटचा निकाल कळवतो. (निकाल! जसा काही मी हायकोर्टात बसतो.)

आता त्याच सुमारास आमच्या घरात दुसरी एक निवड चालू होती. माझ्या बायकोचे, संध्याचे, मोठे भाऊ देवरावदादा अकोल्याला असतात. रिटायर्ड हेडमास्तर. रिटायर झाले ते शाळेतून. आवाजातून आणि भुवयांतून अजून झालेले नाहीत. त्यांची मुलगी रश्मी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. तिच्यासाठी दोन स्थळं आली होती. एक दर्यापूरचं, मुलगा सरकारी ज्युनिअर इंजिनिअर. दुसरं अचलपूरचं, मुलगा जनावरांचा डॉक्टर, स्वतःचा दवाखाना. दादांनी मला सांगून ठेवलं होतं, "जवाईबापू, दोन्ही गावं तुमच्याकडची. चौकशी करा अन् मले सांगा."

संध्या रोज विचारायची, "चौकशी केली का?"

मी रोज सांगायचो, "चालू आहे."

आणि रविवारी दर्यापूरच्या मैदानाच्या काठाला, डोक्यावर रुमाल टाकून, मी इकबालभाईंसाठी मोबाइलवर बोललो. टाइप करायला गेलो की माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरं दाबतो, म्हणून मी बोलूनच पाठवतो. ऊन इतकं होतं की स्क्रीनवर मला माझंच तोंड दिसत होतं. त्यात मी जे दाबलं ते इकबालभाईंचं नाव नव्हतं. तो 'आपला परिवार' नावाचा ग्रुप होता. त्यात दादा, संध्या, सगळे साळे, साळ्या, आणि कोणालाच नीट ओळखू न येणारे एक काका आहेत. रोज पहाटे येणाऱ्या सुविचारांना कंटाळून मी तो ग्रुप कधीच गप्प करून ठेवला होता.

माझा संदेश असा होता:

"ऐका. एक नंबर दर्यापूरचाच. उंचीनं चांगला, हात लय तेज. मूड बिघडला की समोरच्याच्या अंगावर फेकते, पण वयाच्या हिशोबानं ते चालते. दोन नंबर अचलपूरचा. दिसाले साधा, पण चोरीत त्याचा हात कोनी धरू शकत नाई. डोळ्यादेखत करते अन् समजत नाई. एकच खोट, घरी येता येता लोळते, तिथं मार खाते. तीन नंबर मोझरीचा. डोळ्यानं कमजोर, पण ठोकला तर कंपाउंडच्या बायेर. बाकी सगळे भाकड."

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. चेंडू फेकणाऱ्याचं, म्हणजे पिचरचं, लक्ष नसताना पुढच्या बेसवर पळून जाणं, याला बेस चोरणं म्हणतात. तो मोठा गुण आहे. पळणारा शेवटी जिथं पोचतो त्याला होम म्हणतात, म्हणजे घर, आणि तिथं मातीत लोळण घेत पोचायची पद्धत आहे. 'आपला परिवार'मध्ये हे एकालाही माहीत नव्हतं.

संध्यानं तो संदेश ऐकलाच नाही. माझा आवाज घरात ऐकावा लागतो तेवढा तिला पुरतो.

संध्याकाळी दादांचा फोन आला.

"जयभीम जवाईबापू. तुमचं ते बोलणं ऐकलं मी. दोनदा ऐकलं."

मला वाटलं इकबालभाईंनी पाठवलं असेल. दादांचे कपडे त्यांच्याकडेच शिवायला जातात. लग्न झाल्यापासून दादा माझ्या बेसबॉलला 'दांडकं घेऊन गावभर फिरनं' म्हणत आले होते, आणि आज दोनदा ऐकलं!

"मले एक सांगा," दादा म्हणाले, "तो अचलपूरचा. खरंच चोरी करते?"

"दादा, काय सांगू तुमाले. मागच्या आठवड्यात माझ्या डोळ्यासमोर केली."

"मंग तुमी काय केलं?"

"उभा राहून टाळ्या वाजवल्या."

दादांनी पुढचा मुद्दा काढला.

"अन् घरी येता येता लोळते म्हणता."

"लोळाच लागते दादा. उभ्यानं आला तर पकडला जाईन ना."

"मायबाप काही म्हणत नाईत?"

"कपडे धुवाले त्रास होते म्हणून माय बोलत असन. बाकी बापाले अभिमानच आहे."

दादांनी अचलपूरचा विषय तिथंच सोडला. "बरं. अन् दर्यापूरचा? अंगावर फेकते म्हणजे?"

"मुद्दाम नाई फेकत. राग आला की निसटते हातातून. पण समोरच्याच्या डोक्यावर हेल्मेट असते, काळजी नाई."

"हो, साइटवर हेल्मेट असतेच," दादा समाधानानं म्हणाले. (साइट? मला वाटलं हेडमास्तर मैदानाला साइट म्हणत असतील.) "तुमी एक नंबर देल्ला म्हणजे झालं. मी त्याले येत्या रविवारी घरी बोलावतो. तुमी याच."

फोन ठेवून मी खुर्चीत बसलो. एक रिटायर्ड हेडमास्तर गावच्या होतकरू पिचरचा घरी बोलावून सत्कार करतो! या देशाचं काही वाईट होणार नाही असं मला त्या संध्याकाळी वाटलं.

संध्या म्हणाली, "रविवारी दादाकडे दर्यापूरचे येऊन राहिले. तुम्हाले माहीत आहे?"

"मीच तर एक नंबर देल्ला त्याले."

"म्हणजे चौकशी केली तुम्ही?" ती इतकी खूष झाली की त्या रात्री भाजीत आलू कमी आणि वांगी जास्त होती. मला वांगी आवडतात. ती शनिवारीच अकोल्याला गेली. मी रविवारी सकाळच्या एस.टी.नं निघालो, आणि रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून त्या पोरासाठी चामड्याचा एक बेसबॉलचा ग्लोव्ह घेतला. दुकानदारानं चमकदार कागदात बांधून दिला.

दादांच्या बैठकीत सगळे आधीच बसले होते. दर्यापूरहून एक गृहस्थ, त्यांची बायको, आणि मधोमध एक भरदार, केस मागं सरकलेला, घामाघूम माणूस. मला वाटलं प्रशिक्षक असावेत. मी त्यांच्याशी हात मिळवला आणि विचारलं, "पोट्टा नाई आला काय?"

"कोनता पोट्टा?" गृहस्थांनी विचारलं.

"जवाईबापू, हेच ते," दादा म्हणाले.

मी पाहत राहिलो. माझा दर्यापूरचा सतरा वर्षांचा आहे आणि पऱ्हाटीसारखा, म्हणजे कपाशीच्या काडीसारखा, वाळका आहे. एका आठवड्यात पऱ्हाटीचं असं बोंड होत नाही. पण सत्काराच्या कार्यक्रमात वाद नको म्हणून मी ग्लोव्ह त्या माणसाच्या मांडीवर ठेवला. त्यानं कागद सोडला, एकच मोठा पंजा बाहेर काढला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "दुसरा?"

"एकच असते," मी म्हणालो. "दुसऱ्या हातानं फेकाचं असते."

फेकाचं म्हणताच तो माणूस दचकला. ते पाहून आता मुद्द्यावर यावं असं दादांना वाटलं असावं. त्यांनी घसा साफ केला.

"आमच्या जवाईबापूंनी तुमच्या मुलाची सखोल चौकशी केली. स्वतः दर्यापूरले जाऊन. ते म्हणाले, उंचीनं चांगला, हात तेज. मूड बिघडला की समोरच्याच्या अंगावर फेकते, पण वयाच्या हिशोबानं चालते."

मी बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मुलाचा बाप खाली मान घालून म्हणाला, "ते ठेकेदाराचं प्रकरण मिटलं आहे."

दादांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "कोनतं प्रकरण?"

"मिटलं म्हणतो ना. तो ठेकेदारही काही बोलत नाई आता."

"काय फेकलं होतं?" हा प्रश्न आतल्या दारातून आला. रश्मी तिथं उभी होती.

मुलाची आई म्हणाली, "डबा होता जेवनाचा. रिकामाच होता."

"स्टीलचा काय?" रश्मीनं विचारलं.

मुलाच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की डबा स्टीलचा होता, आणि बहुतेक रिकामाही नव्हता. चहा यायच्या आत मंडळी उठली. ग्लोव्ह घेऊन गेली.

ती गेल्यावर दादांनी माझ्याकडे ज्या आदरानं पाहिलं, तशा आदरानं माझ्याकडे कधी कोणी पाहिलेलं नव्हतं. "जवाईबापू, तुमी हे खोदून काढलं कुठून?"

इथं गप्प बसलो असतो तर मी आज वऱ्हाडातला सर्वात हुशार जवाई असतो. पण माझा जीव त्या सतरा वर्षांच्या पोरात अडकलेला. मी म्हणालो, "दादा, हा कोन होता? माझा दर्यापूरचा कुठं आहे?"

मग मोबाइल निघाले. माझा संदेश सगळ्यांसमोर मोठ्या आवाजात वाजला. मी समजावून सांगायला लागलो. होमला घर का म्हणतात हे सांगताना खुर्चीतून उठून जमिनीवर अर्धवट लोळूनही दाखवलं. संध्यानं पदरानं तोंड झाकलं. तिच्या एका बहिणीनं मात्र माझा हात धरून हळूच विचारलं, "मंग मोझरीचा पोट्टा कोनाचा आहे? आमी तीन दिवसापासून त्याचा पत्ता शोधून राहिलो."

दादा एवढंच म्हणाले, "मी अचलपूरले नकार कळवला. चोर नको म्हणून."

"कारणही कळवलं?" मी विचारलं.

"मी नाई. पण ग्रुप आहे. गेलंच असन."

गेलंच होतं. ते रश्मीनं सांगितलं, कारण त्या जनावरांच्या डॉक्टरनं, अनिकेतनं, तिलाच फोन करून विचारलं होतं, "मी नेमकं काय चोरलं ते तरी कळवा, परत करतो." ती दोघं महिनाभरापासून बोलत होती. मुलगा तिला पसंत होता आणि ती योग्य वेळेची वाट पाहत होती. ती योग्य वेळ मी दर्यापूरच्या उन्हात मातीत घातली होती.

"तू मले काहून नाई सांगतलं?" दादांनी विचारलं.

"तुमी मले विचारलं काय? तुमी मामाजींले विचारलं." (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात.) मग ती माझ्याकडे वळली. "मामाजी, तुमी त्या पोट्ट्यांले नंबर द्याच्या आधी उन्हात बसून त्यांचा खेळ तरी पाहता. मले तर लोक चहाचा ट्रे धरलेला पाहून नंबर देतात. ट्रेही हलला तर दोन नंबर कमी."

दादांनी मला विचारलं, "अचलपूरची सकाळची गाडी किती वाजता असते?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि दादांबरोबर अचलपूरला गेलो. सगळ्या रस्त्यात दादा माझ्याशी दोनच शब्द बोलले. अचलपूरच्या अलीकडे, परतवाड्याजवळ, "खिडकी लावा" म्हणाले. अनिकेतच्या वडिलांनी आम्हाला पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. बेस, चोरी, लोळणं, सगळं.

"चोरीचं आमाले पटलंच नव्हतं," ते म्हणाले. "पण लोळण्याचं पटलं होतं. हा रोज संध्याकाळी शेणानं, चिखलानं भरून येते. मी हिले म्हटलं, कोनीतरी पाहिलं असन."

तेवढ्यात अनिकेत आला. एका म्हशीचं अवघड बाळंतपण उरकून आला होता आणि खरोखर लोळून आल्यासारखा दिसत होता. त्यानं दादांना जयभीम केला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मामाजी, दोन नंबरही काही वाईट नाई. पण आता वरची जागा रिकामी झाली म्हणतात."

दादा हसले. मी दादांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. दात चांगले आहेत त्यांचे.

लग्न साधं, विहारात झालं. इकबालभाईंनी नवरदेवाचा सूट शिवला आणि माप घेताना त्याला सगळा खेळ समजावून दिला. पण माझं नाव मात्र भलतीकडेच झालं. दर्यापूरचा डब्याचा किस्सा ग्रुपमधून ग्रुपमध्ये गेला, आणि त्यात बेसबॉलचा भाग प्रत्येक वेळी गळत गेला. आता अकोल्यापासून अचलपूरपर्यंतचे लोक मला फोन करून मुलं तपासायला सांगतात. "तुमची नजर लय बारीक आहे म्हणतात." मी नाही म्हटलं की त्यांना वाटतं मी भाव खातो. आमच्या साहेबांनीही मुलीसाठी तीन नावं दिली आणि म्हणाले, "घाई नाही, पण नंबर लावून द्या."

गेल्या पंधरवड्यात राज्याच्या संघाची निवड झाली. दर्यापूरचा नाही, अचलपूरचा नाही, मोझरीचा तर नाहीच. आमच्या भागातून एकच पोरगा गेला, तो अमरावतीचा. तो माझ्या दहात नव्हता आणि इकबालभाईंच्याही नव्हता. आम्ही दोघांनी फोनवर निवड समितीला पाऊण तास शिव्या घातल्या. मी फोन ठेवतो तोच दार वाजलं. मागच्या घरातल्या ताई पेढे घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोट्ट्याची राज्याच्या टीममध्ये निवड झाली."

मी पेढा घेतला आणि विचारलं, "कोनता खेळ खेळते तो?"