टॅबखालचे कुंकवाचे ठिपके

अण्णांचे डोळे गेलेत हे मला पहिल्यांदा जाणवलं, ते त्यांचं नाक कॉम्प्युटरच्या काचेला टेकलं तेव्हा. बिदरच्या आमच्या शिक्षण कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि मी शाळेतून तात्पुरती इकडं पाठवलेली मास्तरीण. "अण्णा, दिसत न्हाई का?" मी सरळ विचारलं. माझी जीभच तसली. ते ताडकन मागं सरले. "दिसतंय की! न दिसायला काय झालं?" आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचा राग मला कळत होता. घरी आज्यापणज्यापासून मेंढरं, कचेरीत खुर्चीवर बसलेले हे घराण्यातले पहिले. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आणि नवे साहेब आल्या आल्या म्हणाले होते, ज्याला कॉम्प्युटर जमत नाही त्यानं खाली रेकॉर्ड रूममध्ये बसायचं. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं बसणाऱ्याला कुणी चहालासुद्धा हाक मारत नसे. अण्णांना ती वरची खुर्ची राखायची होती, बस.

काम होतं यादीचं. आईबाप ऊसतोडीला नाहीतर हैदराबादकडं वीटभट्टीवर गेले, की पोरं मागं राहायची, त्यांची यादी. सात गावं, सात पानं. खटकचिंचोळी, संतपूर अशी नावं पडद्याच्या तळाशी छोट्या पट्ट्यांवर, म्हणजे टॅबवर. त्यावर टिचकी मारली की त्या गावचं पान उघडायचं. पानातली अक्षरं अण्णांनी वाढवून दुप्पट केली होती. टॅबवरची मात्र मुंगीएवढी. मलाच चष्मा पुसून बघावं लागे. तरी अण्णा बरोबर तोच टॅब दाबायचे. कसं, देव जाणे! टॅबच्या खालीच, पडद्याच्या चौकटीवर, दसऱ्याच्या पूजेत त्यांनी लावलेले कुंकवाचे ठिपके होते. दर अमावस्येला ते नव्यानं लावायचे. पूजेचं म्हणून शिपाईसुद्धा तिथं फडकं फिरवत नसे.

अण्णा पुतणीच्या लग्नाला दोन दिवस गेले, तेव्हा मी ठरवलं, गुपचूप टॅबवरची नावं मोठी करून टाकायची. झूम वाढवलं, पान फुगलं, टॅब तसेच. फॉन्ट बदलला, तसेच. अगं बाई, हे काय गौडबंगाल! शेवटी पुण्याला कंपनीत लागलेल्या धाकट्या दिराला फोन लावला.

"वहिनी, त्या पानात काय शोधायलाव? बाहेर या. डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, अपिअरन्स, ॲडव्हान्स्ड. तिथं स्क्रोलबारचा आकार वाढवा."

"स्क्रोलबारचा कामून? मला खालची नावं मोठी करायचीत रे!"

"तोच वाढवा म्हणलो ना."

बाजूच्या स्क्रोलबारचा आणि खालच्या नावांचा काय संबंध? मला आजही उमगलेलं नाही. पण आकडा वाढवला, ओके दाबलं आणि टॅब टम्म फुगले. पूर्वी सातही मावायचे, आता पाचच दिसत होते, पण नावं दारातून वाचता येत होती. मी इतकी खूश झाले, की मैलूर भागातल्या माझ्या घरापर्यंत चालतच गेले.

सोमवारी अण्णा आले, बसले, कामाला लागले. एका शब्दानं काही बोलले नाहीत. बघा, म्हटलं, चांगलं करून जस नाही. दुपारी छापलेली यादी साहेबांकडं गेली आणि आतून आरडाओरडा सुरू झाला. संतपूरची सगळी पोरं खटकचिंचोळीच्या पानात!

साहेब यादी घेऊन बाहेर आले तशी मी पुढं झाले. "साहेब, चूक माझी हाय. मी न विचारता मशीनमध्ये हात घातला. टॅब मोठे केले."

साहेब गोंधळले. "मोठे केले? मग तर आंधळ्यालासुद्धा दिसेल. चुकलं कसं?"

साहेबांनी एका टॅबवर बोट ठेवलं. "अण्णा, वाचा हे."

अण्णांनी टॅबकडं बघितलंच नाही. त्यांची नजर खाली चौकटीवर गेली, बोटाखालच्या कुंकवाच्या ठिपक्यावर. "संतपूर," ते ठामपणे म्हणाले.

वर ढळढळीत खटकचिंचोळी लिहिलं होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी ठिपके मोजले. सात. वर टॅब पाचच.

साहेब या वेळी ओरडले नाहीत. "उद्यापासून खाली बसा," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

मला रडू आवरेना. "अण्णा, एवढी मोठी अक्षरं झाली होती हो. एकदा तरी बघायचं!"

"बघायचं सोडून लई दिवस झाले, बाई. ठिपक्यावर चाललं होतं सगळं."

"थांबा, मी पुन्हा बारीक करते. आत्ता करते."

"न्हाई, राहू द्या." त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि चौकटीवरचं कुंकू एका फटक्यात पुसून टाकलं. "माझ्या जागी येणाऱ्याला दिसंल की."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्या खुर्चीवर मला बसवलं. नावं लख्ख दिसत होती.