पुलावरचा भाऊ

मित्रांनो, आज पाण्याच्या टँकरपुढं डोकी फुटली आणि मी तिथंच मोबाईलमध्ये मुंडी घालून उभा होतो.

तोच तो दोन भावांच्या गोष्टीचा गेम. लई बिघडलेला हाय. घोडा भिंतीत घुसतो, आवाज मागं राहतो. पण गोष्ट सोडवत न्हाई. पुलावर धाकट्यानं थोरल्याला वाचवायचं असतं आणि नेमका तिथंच गेम बंद पडतो.

आज नवव्यांदा पुलावर पोचलो, तेवढ्यात बोंबाबोंब ऐकू आली. वाटलं, गेममधलीच. वर बघितलं तर रांगेतल्या नंबरावरून एकानं आमच्या दादाच्या डोक्यात स्टीलची घागर हाणलेली. दादा सोसायटीच्या गोदामापुढं रक्तात बसलेला. मी तीच घागर हिसकावली आणि त्या हाणणाऱ्याच्या तोंडावर दोनदा हाणली. त्याचा दात पडला. पाणी सगळं सांडलं.

अंबाजोगाईच्या दवाखान्यात दादाला सात टाके पडले. मला त्याच्याकडं बघवेना. तोच म्हणाला, "काय बे, तुझा पुलावरचा वाचला का?"

"न्हाई दादा. गेम बंद पडला."

"मग लाव की परत. आता मी बी बघतो."

दहाव्यांदाही बंदच पडला. तुमच्यापैकी कुणाचा वाचलाय का तो? दादा विचारतोय.