मऊ टायरवरच्या अक्षता

भाऊ गेला तेव्हा त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात चार टायर एकावर एक रचलेले होते. शर्यतीचे, मऊ रबराचे, एकदाही जमिनीला न लागलेले. वर जुनी चादर टाकलेली असल्यामुळे दिवसकार्याला आलेल्या आत्याला ते स्टूल वाटलं आणि तिनं त्यावर आपला पानाचा डबा ठेवला. तो कोणी उचलला नाही.

वर्षश्राद्ध झालं. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, ते टायर एकदा तरी पळवायचेत. पडून पडून कडक होतात म्हणे."

होतात. मी नांदेडला कॉलेजात ग्रंथपाल आहे. मला गाडी बेताचीच येते, पण टायरबद्दल वाचायचं काम भावानं माझ्यावर सोपवलेलं होतं. मऊ रबर लवकर तापतं, रस्त्याला चिकटतं आणि लवकर झिजतं. मध्यम रबर उशिरा तापतं, पण टिकतं. मोठ्या ट्रॅकवर दिवसभर फेऱ्या मारायच्या तर मध्यम. ऑटोक्रॉसमध्ये मात्र एकेक गाडी प्लास्टिकच्या शंकूंमधून वळणं घेत जेमतेम मिनिटभर पळते. भाऊ त्यातच उतरायचा. तिथे मऊ. आईला मी सांगितलं होतं, मऊ म्हणजे तिंबून ठेवलेली कणीक आणि मध्यम म्हणजे सकाळची भाकरी.

"मग भाकरीच बरी," आई म्हणाली. "प्रवासात टिकते."

आता प्रश्न एवढाच होता, की वर्षभरात कणकेचीही भाकरी झाली का. भावाचे कपडे वाटून झाले होते. गाडीला लातूरचं गिऱ्हाईक ठरलं होतं, ते स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी येणार होतं. "त्यांचं एवढं एकच काम राहिलंय," वहिनी म्हणाल्या. "ते झालं की गाडी द्या."

औशाजवळच्या एका साखर कारखान्यात ऊसगाड्या उभ्या करायचा मोठा डांबरी तळ आहे. गाळप सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून लातूर-नांदेडच्या पोरांनी तिथे स्पर्धेसाठी शंकू मांडले होते. प्रत्येकाला तीन फेऱ्या. आई आली, देवणीचे मामाही आले. जन्मभर त्यांनी बैल पारखले आहेत. त्यांनी टायरवरून हात फिरवला, पाठीवरून फिरवावा तसा.

"भाच्या, याला नक्षीच न्हाई. घासलेला माल हाय. फसिवलं तुझ्या भावाला."

"मामा, हे असेच असतात. जितकं रबर टेकेल तितकी पकड."

"आन् पाऊस आला तर?"

"तर घसरतात."

"मंग बैल बरा," मामा म्हणाले आणि सावलीला जाऊन बसले.

पहिली फेरी वहिनींनी भावाच्या जुन्या, मध्यम टायरांवर केली. गाडी वळणावळणाला बाहेर सरकत राहिली. "तापायच्या आत फेरीच संपली," त्या म्हणाल्या. मग आम्ही मऊ टायर चढवले. ते सकाळपासून उन्हात होते, हाताला चटका बसत होता.

तेवढ्यात आई ताट घेऊन आली. "नवे हायेत ना? पूजा केल्याबिगर कसे पळवता?"

मला नको म्हणायचं होतं. तापलेलं मऊ रबर भेटेल ते उचलतं, हे मी वाचलं होतं. पण वर्षभर आईनं कोणत्याही नव्या वस्तूला कुंकू लावलं नव्हतं. मी बाजूला झालो. चारही टायरांना हळदकुंकू लागलं, वर मूठमूठ अक्षता पडल्या, प्रत्येकाखाली लिंबू गेलं. मामांनी बॉनेटपुढे नारळ इतक्या जोरात फोडला, की करवंटीचे तुकडे शेजारच्या गाडीपर्यंत गेले.

वहिनी निघाल्या. टायरांनी अक्षता घेतल्या, लिंबाच्या बिया घेतल्या, करवंटीही सोडली नाही. माइकवरचा पोरगा म्हणाला, "गाडीतून ताशा वाजून राह्यलाय." पहिल्याच वळणावर गाडी वळली नाही. सरळ शंकूंमध्ये घुसली आणि त्यातला एक पोटाखाली घेऊन परत आली.

वहिनी उतरल्या. "भाऊजी, मेलेत का हे?"

मी रबरात नख दाबलं. नख आत गेलं.

"मेले नाहीत," मी म्हणालो. "खाऊन बसलेत."

मामांनी कँटीनमधून उलथनं आणलं आणि खरवडायला बसले. आई केसातल्या आकड्यानं अक्षता टोकरून काढू लागली. मी तिच्याकडे बघतोय हे तिच्या लक्षात आलं. "देवाला पोचलं की," ती म्हणाली. "आता काढलं तर काय होतंय."

तिसऱ्या फेरीला गाडी लांबच्या शंकूला वळली तेव्हा मी डोळे मिटले होते. मामांनी कोपरानं ढोसलं. "बघ की. धरलं बघ त्यानं."

फेरी संपली तरी वहिनी बराच वेळ गाडीतच बसल्या. मी खिडकीशी गेलो. त्यांचे डोळे ओले होते आणि त्या हसत होत्या.

"चिकटतात हो, भाऊजी."

"हो."

"पण तुलना बरोबर झाली नाही. मध्यम टायर थंड होते. ते तापवून पुन्हा बघायला पाहिजे."

"आता पुढची स्पर्धा दिवाळीनंतर," मी म्हणालो.

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मामा उलथनं पुसत आले. "आन् उद्या ते गिऱ्हाईक येणार हाय, त्याचं काय?"

"येऊ द्या," वहिनी म्हणाल्या. "चहा पिऊन जाईल."