तोताराम नानांचा जिवंत शंख

यावलचे तोताराम नाना देण्यासाठी प्रसिद्ध होते. केळीचे कंद, लोणच्याचा मसाला, सल्ला; जे मागितलं नाही ते आधी. १९८९ साली वसईच्या एका लग्नाहून त्यांनी सोनटक्क्याचे कंद आणले. त्या मातीतून महिन्याभरात वीतभर लांबीचा, चालता शंख निघाला. नानांनी हात जोडले. शंख म्हणजे लक्ष्मीचा भाऊ, आणि हा तर स्वतःच्या पायांनी आलेला.

"त्याला पाय कुठे आहेत?" पत्नी इंदिराबाई म्हणाल्या. पण हळद-कुंकू त्यांनीच वाहिलं.

वर्षभरात तुळशीपाशी शंखांची गर्दी झाली. नानांनी ते वाटले. देताना जोडीनंच द्यायचे. लक्ष्मीचं देणं एकटं कसं द्यायचं? भडगावच्या झुलाल आबांना, जुन्या स्नेह्यांना, तर टोपलीत केळीचं पान अंथरून दिले.

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात शेतकी अधिकारी आले. शेतकऱ्यांच्या सभेत त्यांनी टेबलावर एक शंख ठेवला. "ही आफ्रिकेतली गोगलगाय. नर-मादी एकाच अंगात. शेकड्यांनी अंडी घालते. मीठ टाकलं तरच मरते. इकडे आली कशी?"

कुणी केळीच्या ट्रकांवर बोट दाखवलं, कुणी पुरावर. अध्यक्षस्थानी नाना होते. त्यांनी अधिकाऱ्यांचे आभार मानले, नारळ दिला आणि घरी जाऊन जेवले नाहीत.

चार दिवसांनी पाच किलो खडे मीठ पिशवीत घालून ते भडगावच्या गाडीत बसले. वाटेत कबुलीची वाक्यं जुळवली. गावोगावी एकेक वाक्य गळत गेलं.

झुलाल आबांनी त्यांना हाताला धरून आधी देव्हारा दाखवला. पितळी ताटात तीन शंख, कुंकवाने माखलेले. मग परसातली वाफ्यांची जागा दाखवली. तिथे वांग्याचे नुसते दांडे उभे होते.

"एकूणएक, बठ्ठी रोपं खाई टाकी," आबा हसत म्हणाले. "लोक सांगतस, मीठ टाक. नाना, तुमनं देणं शे. लक्ष्मीवर मीठ कसं टाकू?"

नानांना वाटलं, शिवी दिली असती तर बरं. पिशवी मांडीवर घट्ट धरून ते म्हणाले, "आबा, तो शंख नाही. गोगलगाय हाये. मीच आनली. सभेत मीच अध्यक्ष होतो, तोंड उघडलं नाही."

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू उतरलं, पण नानांवर राग आला नाही. दुसरंच काही आठवलं.

"नाना," ते हळूच म्हणाले, "मी शिरपूरले याहीले दोन जोड्या दिध्यात. त्यानं काय?"

दुपारच्या शिरपूरच्या गाडीत दोघे शेजारी बसले. पिशवी मध्ये होती. व्याह्यांनी पुढे कुणाला दिले असतील, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही. पाच किलो मीठ पुरणार नव्हतं, एवढंच ठाऊक होतं.