कारखान्याला बाळ पाहिजे

समस्त वाचकांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, त्या दिवशी सकाळी सणसवाडीच्या आमच्या कारखान्याला एका बाळाची तातडीने गरज पडली. मुलगा-मुलगी, काळं-गोरं, कसलीच अट नव्हती.

कारण असं, की फॅक्टरी इन्स्पेक्टर तपासणीला निघाल्याचा फोन आला होता. मी तिथे वेल्फेअर ऑफिसर. म्हणजे कॅन्टीनच्या आमटीपासून संडासाच्या कडीपर्यंत सगळ्याला जबाबदार. कायदा सांगतो, कारखान्यात बऱ्यापैकी बायका कामाला असतील तर त्यांच्या लहान मुलांसाठी क्रेश, म्हणजे पाळणाघर हवं. आमच्याकडे ते होतं. दारावर पाटी होती, आत रिकामे खोके होते. बायका पोरं घरी सासूजवळ ठेवून येत, म्हणून कुणाची तक्रार नव्हती.

"मॅडम, खोके काढा आणि एक बाळ हजर करा!" प्लँट मॅनेजर साहेब म्हणाले.

"साहेब, त्याला नऊ महिन्यांची नोटीस लागते."

साहेब हसले नाहीत.

मी टेबलाशी परतले तर समोर बापू उभा. प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रे दाबायच्या मशिनवरचा, मूळचा मांडवगण फराट्याचा. खांद्यावर वर्षभराची पोर झोपलेली. बायको पुण्याला नर्सिंग शिकत होती, होस्टेलला राहून. पोरीचं न्हाणंधुणं, खाणं सगळं बापूच करायचा. ड्यूटीच्या वेळी शेजारची बिहारी भाभी सांभाळायची, ती गावी निघून गेली. पोरीला क्रेशमध्ये घ्यायचं का, म्हणून मी मागेच साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "क्रेश बायकांसाठी असतं. गडी पोरं घेऊन आला तर लोक हसतील."

"मॅडम, माझं नाव कमी करा," बापू म्हणाला. "पोरीला कुणाच्या भरवशावर टाकू? हिच्या आईला माघारी बोलवलं तर तिचं शिक्षण बुडंल."

"बापू, जरा थांबा. आधी ही पोर द्या."

साहेब पोरीला बघून खूश झाले. "आजचा दिवस निभवा, पुढचं बघू." आमच्या कंपनीत 'बघू' म्हणजे 'नाही'. मग म्हणाले, "आई म्हणून पॅकिंगमधली एखादी बाई उभी करा."

मी सुशीलाला उभं केलं. सुशीलाला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या पॅकिंगला ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

इन्स्पेक्टर क्रेशमध्ये आले. सुशीलाच्या कडेवर पोरीने जो टाहो फोडला, तो प्रेसच्या दणक्यावरही ऐकू गेला. बापू मशिन बंद करून धावत आला. पोरीला खांद्यावर टाकलं आणि बापजाद्यांनी मेंढरांमागे घातलेली हुर्र्र हुर्र्र अशी साद तिच्या कानाशी घातली. पोर गप्प.

"बाळाची आई कोण?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"मी न्हाई हो साहेब!" सुशीला म्हणाली. "माझी दोन्ही साळंत हायती. हिचं समदं ह्यो बापूच करतो."

इन्स्पेक्टरांनी मॅनेजर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

साहेबांनी घसा साफ केला. "आमच्या कंपनीत सर, आम्ही... वडिलांनाही परवानगी देतो."

"अरे वा! कधीपासून?"

"पहिल्यापासून!" साहेब बाणेदारपणे म्हणाले.

इन्स्पेक्टरांनी त्यांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. आता माघार घ्यायची सोय उरली नाही. बापूची नोकरी राहिली, बायकोचं शिक्षण पुरं झालं, ती पुढे दौंडला दवाखान्यात लागली. मी मात्र एवढंच शिकले, की साहेबाकडून 'हो' हवं असेल तर ते त्याच्या वरच्यासमोर वदवून घ्यावं.

बायकांनी पोरं शेवटपर्यंत सासूजवळच ठेवली. पण बापूचं पाहून इतर गडी धजावले. एका सकाळी कंपनीच्या बसमधून तिघे उतरले, तिघांच्याही कडेवर पोरं. गेटवरचे म्हातारे वॉचमन आबा तंबाखू मळता मळता थांबले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "मॅडम, पळा, पळा! आज समद्या आया मिशावाल्या आल्यात!"