मोरेश्वररावांचे चार मिलिमीटर

मोरेश्वरराव पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टूलरूममध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर, २०२०च्या फेब्रुवारीत, ते तीन महिन्यांसाठी लेकीकडे, अबोलीकडे, आयर्लंडमधल्या एनिस गावी आले आणि करोनामुळे विमानं बंद झाली. रिकामं बसणं त्यांना जमेना. लोकांनी मास्क शिवायला जुनी शिलाई मशिनं बाहेर काढली होती. मोरेश्वरराव घरामागच्या शेडमध्ये ती दुरुस्त करू लागले.

मुक्काम लांबत गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांचे डोळे कोरडे पडले. वाळू गेल्यासारखे खुपायचे. सुई आणि खालून दोरा पकडणारी शटलची चोच यांच्यातली केसाएवढी फट दिसेना. दोन मशिनं खोललेली तशीच पडून राहिली. अंदाजाने जुळवणं त्यांना मान्य नव्हतं.

"आता हत्यारं पुसून ठेवायची," ते म्हणाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाणी किती सुटतं ते मोजायला पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत ती चार मिलिमीटर भिजली. दहा तरी हवी होती. डॉक्टरांनी थेंब दिले, रोज दहा मिनिटं गरम शेक सांगितला. तासभर बरं वाटे, मग पुन्हा तेच. अबोलीने चिनी वैद्य शोधून काढल्या, लिऊबाई.

"बाबा, डोळ्यांभोवती सुया टोचतात हं. घाबराल."

"आधी बाईंचा हात बघू, मग घाबरू."

हात स्थिर होता. मोरेश्वरराव निमूट आडवे झाले. गुण येईल का, असं त्यांनी अबोलीकरवी विचारलं.

"काहींना येतो. तुमचं आत्ताच सांगता येणार नाही. थेंब बंद करू नका," लिऊबाई म्हणाल्या. "शेक कसा घेता?"

"रुमाल गरम करून ठेवतो, दहा मिनिटं."

"तो दोन मिनिटांत गार होतो. बदलता?"

मोरेश्वरराव बदलत नव्हते. अर्धवट कामासाठी त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना झापलं होतं. त्या दिवसापासून घड्याळ समोर ठेवून ते दर दोन मिनिटांनी रुमाल बदलू लागले. सुयांची एकही खेप चुकवली नाही.

सहा आठवड्यांनी पट्टी सात मिलिमीटर भिजली.

"बाबा, तीन वाढले!"

"तीन मिलिमीटर! आमच्याकडे एवढ्या फरकाला माल भंगारात जायचा."

"आता आनंद तरी करा."

"करतोय की. पण सुयांनी झालं का शेकाने? दोन स्क्रू एकदम फिरवले मी."

"मग एक बंद करून बघायचं?"

"येडी आहेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेडचं दार सताड उघडलं आणि सुई खाली आणली. फट दिसली, मग धूसर झाली. त्यांनी डोळे मिटून वीस आकडे मोजले आणि पुन्हा पाहिलं. होती. त्यांनी स्क्रू आवळला. दुपारपर्यंत एक मशीन सरळ टीप घालू लागलं.

"लोकांना कळव, मशिनं घेऊन या म्हणावं," त्यांनी अबोलीला सांगितलं. "दिवसाला एकच घेईन. घाई असेल त्यांनी दुसरा माणूस बघावा."